गेटवे बसवण्याआधी

बाळा, तुझ्या नव्या कारखान्यात ऑफिसचं नेटवर्क एकीकडे, शॉपफ्लोअरच्या मशीनचं दुसरीकडे आणि वीजमीटरची दोन वायरींची लाइन तिसरीकडे आहे म्हणालास. तिन्ही जोडायला दोन कार्डांचा लिनक्स पीसी गेटवे म्हणून बसवतोयस. बसव. पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी कागदावर पत्ते मांड. ऑफिस १९२.१६८.१ वर आणि शॉपफ्लोअरही १९२.१६८.१ वर, हे हमखास सापडतं, कारण दोन्हीकडे राउटर डब्यातून काढला तसाच लावलेला असतो. मग कुठलं पॅकेट कुठल्या कार्डातून सोडायचं, हे गेटवेला कळणार कसं? एक बाजू १०.२० वर ने. खासगी नेटवर्कसाठी १० चा अख्खा पट्टा राखीव आहे, जागेची टंचाई नाही. मशीनवाला पत्ता बदलू देत नसेल तर ऑफिसचा बदल. ऑफिसची माणसं दोन दिवस कुरकुरतील. मशीन थांबलं तर मालक ओरडेल.

दोन कार्डं घातली की गेटवे झाला, असं नाही. आयपी फॉरवर्डिंग सहसा बंदच असतं. शून्याचा एक कर आणि तो कॉन्फिग फायलीत लिही. नुसता कमांडने केलास तर पुढच्या रिस्टार्टला पुन्हा शून्य. डिफॉल्ट गेटवे मात्र एकच द्यायचा, इंटरनेट ज्या बाजूला आहे तिथला. कार्डं दोन म्हणून डिफॉल्टही दोन भरणारे शहाणे मी खूप पाहिलेत.

आता खरी गोम. जाण्याची वाट सगळे तपासतात, परतीची कोणी बघत नाही. ऑफिसातून सीएनसीला पिंग लागत नाही म्हणून पोरं गेटवेशी तासन् तास झटापट करतात. तो बिचारा आपलं काम करत असतो. पिंग मशीनपर्यंत पोचतो, मशीन उत्तर द्यायला निघतं आणि ऑफिसचा रस्ता त्याला ठाऊकच नसतो, कारण त्याच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना रिकामा.

ओळखायचं कसं? गेटवेवर दोन टर्मिनल उघड, प्रत्येकात एकेका कार्डावर टीसीपीडम्प लाव आणि ऑफिसातून पिंग चालू ठेव. ऑफिसच्या कार्डावर विनंती आत येताना दिसली, शॉपफ्लोअरच्या कार्डावरून बाहेर पडताना दिसली, पण उत्तराची ओळ कुठेच नाही, तर आधी पलीकडच्या मशीनचा गेटवे तपास. आत आली पण बाहेरच पडली नाही, तर फॉरवर्डिंग नाहीतर फायरवॉल. शॉपफ्लोअरच्या कार्डावर नुसत्या ‘हा पत्ता कोणाचा’ अशा एआरपीच्या ओळी येत असतील, तर मशीन बंद आहे, केबल निघालीय किंवा पत्ताच चुकलाय. आणि ऑफिसच्या कार्डावरही काही नाही, तर ऑफिसच्या पीसींना १०.२० कुठे आहे तेच सांगितलेलं नाही. तो रूट प्रत्येक पीसीवर भरत बसू नकोस, ऑफिसच्या राउटरवर एकदाच भर.

काही जुन्या कंट्रोलरना गेटवे भरायची सोयच नसते. तिथे मास्करेड लाव, म्हणजे मशीनला वाटतं, गेटवेच बोलतोय. मला ते फारसं आवडत नाही. मशीनच्या लॉगमध्ये मग सगळ्यांचा पत्ता एकच उमटतो आणि प्रोग्राम कोणी बदलला, हे शेवटपर्यंत सापडत नाही.

पिंग लागतो, पण मोठी फाइल अर्ध्यात लटकते? पॅकेटचा आकार बघ. इथरनेटची मर्यादा १५०० बाइटची. तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटचा पिंग सोड. हेडरचे २८ मिळवले की १५०० भरतात. तो अडला तर वाटेत कुठेतरी मर्यादा कमी आहे, आणि सुरक्षेच्या नावाखाली कोणीतरी आयसीएमपी बंद केल्यामुळे ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप परत येत नाही. आम्ही टोकन रिंगला इथरनेट जोडायचो तेव्हाही हेच दुखणं होतं. टोकन रिंगची फ्रेम १५०० पेक्षा बरीच मोठी चालायची.

मीटरची लाइन वेगळी जात आहे. आरएस-४८५ वर मॉडबस बोलतं, आणि मॉडबस १९७९ चं, त्यात रूट-बिट काही नाही. गेटवेला इथे दुभाष्या व्हावं लागतं: इथरनेटकडून ५०२ पोर्टवर प्रश्न घ्यायचा, सीरियलवर विचारायचा, उत्तर परत द्यायचं. प्रत्येक मीटरचा आयडी वेगळा, १ ते २४७ मधला. बॉडरेट आणि पॅरिटी सगळ्यांची एक. १२० ओहमचा रेझिस्टर लाइनच्या दोन टोकांनाच, मधल्या मीटरना नाही. आणि सीरियल पोर्ट एकाच प्रोग्रामच्या ताब्यात ठेव. दोघांनी एकदम विचारलं की उत्तरांची खिचडी होते आणि युनिटचे आकडे उड्या मारतात. साध्या मॉडबसला पासवर्डच नसतो, म्हणून ५०२ इंटरनेटकडे चुकूनही उघडू नकोस.

ऑफिसचा प्रिंटर शॉपफ्लोअरवर आपोआप दिसणार नाही. ब्रॉडकास्ट गेटवे ओलांडत नाही. पत्ता टाकून जोड.

बायोसमध्ये वीज आली की आपोआप चालू होण्याची सेटिंग कर, स्लीप बंद कर, यूपीएस दे. आणि पीसी दिसला की स्टोअरवाला त्यावर टॅली टाकायला मागेल. देऊ नकोस. एखाद्या दुपारी हँग झाला म्हणून तो बटण दाबून बंद करेल आणि तुझा फोन वाजायला लागेल. मॉनिटर-कीबोर्ड काढून घे, एसएसएचने आत जात जा.