डबके न सोडणारी गळती

इंजिनातून तेल गळले की जमिनीवर काळा डाग पडतो आणि तो कोणालाही दिसतो. कूलंटची बारीक गळती मात्र कित्येकदा जमिनीवर काहीच सोडत नाही. थेंब तापलेल्या धातूवर पडतो, त्यातले पाणी उडून जाते आणि टाकीतली पातळी गुपचूप खाली जात राहते. आमच्या एमटी विभागातल्या जुन्या कारचे असेच झाले होते. आजारी कॅडेटला रात्री-अपरात्री शहरातल्या रुग्णालयात नेणारी गाडी ती एकच, आणि रस्ता सगळा चढाचा. चढावर कूलंट संपले तर इंजिनाचे हेड तापून वाकू शकते, आणि आतला मुलगा वाटेतच अडकतो.

एमटीच्या उस्तादांनी आम्हा चौघांना सोबत घेतले आणि पहिले चार दिवस एकाही पान्याला हात लावू दिला नाही. फक्त मोजायचे. पीटीनंतर, इंजिन सुरू होण्याआधी, गाडी सपाट जागी असताना रिझर्व्ह टाकीवर मार्करने रेघ मारायची. गरम द्रव प्रसरण पावतो, म्हणून संध्याकाळची पातळी सकाळच्या पातळीशी जुळवून काही कळत नाही. चार दिवसांत रेघ बोटभर खाली आली.

मग प्रश्न असा, की कूलंट बाहेर जाते आहे की इंजिनाच्या आत? हेड गॅस्केट फुटले असेल तर ते तेलात किंवा सिलिंडरमध्ये शिरते. तेलात पाणी मिसळले की तेल दुधाळ दिसते. सिलिंडरमध्ये गेले तर इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ होते, धूरही नव्हता. हीटरचा छोटा रेडिएटर गळत असेल तर पायाखालचा गालिचा ओला होतो, तोही कोरडा. म्हणजे गळती बॉनेटखालीच, पण बाहेरच्या बाजूला.

इथे आम्ही वर्गात शिकलेले भौतिकशास्त्र उपयोगी पडले. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते. आमच्या झाकणावर ०.९ लिहिले होते, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा ०.९ बार जास्त. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून अंगावर उसळते. इंजिन पूर्ण थंड असताना उस्तादांनी झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर बसवला. हा सायकलच्या पंपासारखा हातपंप असतो, त्याला दाब दाखवणारा काटा. ०.९ पर्यंत हवा भरली आणि थांबलो. दहा मिनिटांत काटा ०.७ वर आला, पण होज पाइप, क्लॅम्प, रेडिएटर सगळे कोरडेच!

मग त्यांनी दाढीचा आरसा मागवला. वॉटर पंप पुलीच्या मागे असतो, सरळ डोळ्यांना दिसत नाही. आरशात त्याच्या खालच्या बाजूला बारीक भोक दिसले, भोवती हिरवट-पांढरी पापडी आणि तोंडाशी एक थेंब. एका मित्राने लगेच विचारले, “उस्ताद, हे भोक बुजवून टाकू या का?”

उत्तर मला सर्वांत आवडले. ते भोक कारखान्यातच पाडलेले असते, त्याला वीप होल म्हणतात. पंपाच्या आतले सील झिजले की निसटलेले कूलंट बेअरिंगपर्यंत पोचण्याआधी तिथून बाहेर पडते. भोक बुजवले तर गळती दिसायची थांबेल, पण बेअरिंग गंजेल, आणि एखाद्या चढावर पंपच जाम होईल. म्हणून नवा पंप बसवला.

जुने कूलंट आम्ही डब्यात धरून झाकून ठेवले. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते आणि मेसमागची कुत्री काहीही चाटतात. नवे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून भरले. मग झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. त्यानंतरचे आठ दिवस सकाळची पातळी रेघेवरून हललेली नाही.