गोठ्याच्या छपरासाठी पत्रा कोणता घ्यावा?

पावसाळा जवळ आला की गोठा, गोदाम, कोंबड्यांची शेड यांवर पत्रे घालण्याची शेतकरी बंधूंची लगबग सुरू होते. दुकानात पहिली चौकशी होते ती गेजची. पत्रा जाड हवा हे खरेच. परंतु तो गंजणार कधी, हे त्यावरील मुलाम्यावर ठरते.

नेहमीचा जस्ती पत्रा सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला असतो. जस्त स्वतः झिजते आणि पोलाद वाचवते. त्यामुळे कापलेल्या कडेला किंवा ओरखड्यावरही गंज लवकर चढत नाही. मुलाम्याचे वजन दोन्ही बाजूंचे मिळून, दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. १२० ग्रॅमचा थर एका बाजूस जेमतेम ८ मायक्रॉन भरतो, तर २७५ ग्रॅमचा सुमारे १९ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) नवे असताना दोन्ही सारखेच चकाकतात! म्हणून मुलाम्याचे ग्रॅम विचारावेत व बिलावर लिहून घ्यावेत.

दुसरा पत्रा अ‍ॅल्युमिनियम-जस्त मुलाम्याचा. यात वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त व १.६ टक्के सिलिकॉन असते. अ‍ॅल्युमिनियम हलके असल्याने याचा १५० ग्रॅमचा थर जस्ताच्या २७५ ग्रॅमइतकाच जाड होतो. उघड्या हवेत मात्र तो त्याहून बराच अधिक टिकतो. धान्याचे कोठार, अवजारांची शेड यांना हा पत्रा उत्तम.

गोठ्यावर व कोंबड्यांच्या शेडवर मात्र तो घालू नये. शेण, मूत्र व विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. रात्री पत्र्याला आतून सुटणाऱ्या पाण्यात तो मिसळतो आणि ते पाणी अल्कधर्मी बनते. अ‍ॅल्युमिनियमला हे सोसत नाही. वरून पत्रा नवा दिसत राहतो, खालून खाल्ला जातो. अशा ठिकाणी २७५ ग्रॅमचा जस्ती पत्रा घ्यावा, शक्य तर आतून रंग द्यावा आणि आढ्याशी हवा जाण्यास जागा ठेवावी. ओल्या सिमेंटचा गिलावाही अ‍ॅल्युमिनियम-जस्त पत्र्याला याच कारणाने लागू देऊ नये.

केवळ अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा मुलामा उष्णतेसाठी असतो. तो मोटारींच्या सायलेन्सरला वापरतात. छपरासाठी त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

आणलेल्या पत्र्यांची थप्पी पावसात ठेवू नये. दोन पत्र्यांमध्ये पाणी कोंडले की जस्तावर पांढरी भुकटी धरते व मुलामा वापरापूर्वीच खर्ची पडतो. थप्पी कोरड्या जागी, एका बाजूने उंच करून ठेवावी. भोके पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढावा.