साखर नव्हे, सिमेंट

गवंडीकामाच्या प्रशिक्षणाचा पहिला आठवडा मातीच्या मालात गेला. सरावाची भिंत संध्याकाळी पाडायची, विटा पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा रचायच्या. ओळंबा, लाईनदोरी, सांधमोड सगळं त्या चिखलात शिकलो आणि एक वाईट खोडही लागली. मालात खुशाल हात घालायचे, बसकण मारायची.

दुसऱ्या आठवड्यात कोबा आला, खऱ्या सिमेंटचा. मिस्त्रींनी पट्टीने माल ओढून दिला आणि मी रंधा घेऊन ओल्यातच गुडघे टेकले. पँट भिजली. ‘‘चुणचुणतंय,’’ म्हटलं तर शेजारचा हसला, ‘‘सिमेंट आहे, साखर नाही!’’ मीही हसलो आणि तीन तास तसाच बसलो. मिस्त्री ‘हात बसला’ म्हणाले होते, मग उठवत कुणाला होतं?

रात्री पँट उतरवताना गुडघ्याची साल निघाली. डॉक्टर म्हणाले, भाजलंय. विस्तवाजवळ मी फिरकलोसुद्धा नव्हतो.

पाणी पडलं की सिमेंटमधून चुना सुटतो. पानात जास्त झाला की तोंड सोलतो, तोच. ओल्या मालाचा सामू बाराच्या वर असतो. सुरुवातीला फारसं दुखत नाही, हीच त्याची लबाडी. भिजलेलं कापड तर तो माल कातडीवर दाबूनच धरतं.

म्हणून नव्यांनो, गुडघ्याखाली प्लायचा तुकडा घ्या. हातमोजे रबरी हवेत, सुती मोजे माल पितात. पँट गमबुटात खोचू नका, बाहेर सोडा. बुटात माल गेला तर काम टाकून तिथंच बूट काढा. कोरडं सिमेंट अंगावर पडलं तर आधी झटका, मग धुवा. ओलं लागलं तर कपडा काढून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान वीस मिनिटं. थापी-घमेली बुचकळतात त्या पिंपात मात्र हात धुऊ नका (मी तिथंच धुतले होते), ते पाणीही सिमेंटचंच. हळद, टूथपेस्ट नको. फोड आला, कातडी पांढरी पडली किंवा डोळ्यात उडालं, तर धुऊन थेट दवाखाना. तिथं ‘सिमेंट लागलंय’ असं स्पष्ट सांगा.

माझे गुडघे भरायला महिना गेला. परत गेलो तेव्हा पुढच्या तुकडीला जागा हवी म्हणून माझा कोबा फोडत होते. सपाट आला होता चांगला.