सैनिकाचे मन आणि निवृत्तिवेतनाचा दावा

शनिवार पेठेतील आमच्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर एक काका राहतात. ते माजी सैनिक आहेत, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पिवळे पडलेले एक इंग्रजी पत्र माझ्यापुढे ठेवले व म्हणाले, "तू राज्यशास्त्र शिकतोस ना? मग याचा अर्थ सांग बघू." नैराश्याच्या आजारामुळे त्यांना १९९३ साली सैन्यातून घरी पाठविण्यात आले होते. आजाराचे कारण म्हणून पत्रात एकच शब्द होता : 'कॉन्स्टिट्यूशनल'. मी अभ्यासाच्या सवयीने सांगितले, "घटनात्मक." काका हसले. "म्हणजे माझं दुखणं राज्यघटनेतच लिहिलेलं होतं होय?"

मानसशास्त्राच्या सरांना विचारल्यावर माझी चूक उमगली. वैद्यकाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'प्रकृतीतच मूळ असलेला' असा होतो. म्हणजे आजार काकांनी घरून आणला. सेवेमुळे तो जडलाही नाही व बळावलाही नाही. या एका शब्दावर त्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले होते. हे योग्य की अयोग्य, हे समजून घेण्यासाठी मी जे वाचले ते येथे थोडक्यात मांडतो.

आजारामुळे सेवेतून मुक्त केलेल्या सैनिकाला हे निवृत्तिवेतन मिळण्यास दोन गोष्टी लागत : अपंगत्व किमान २० टक्के असावे आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा वाढलेले असावे. पहिली गोष्ट मोजता येते. सारा वाद होतो तो दुसरीवर. गोळी लागली तर जखम दिसते. मनाची जखम कोठून आली हे कोण सांगणार? हा प्रश्न जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानंतर थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांविषयी चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. तेव्हाही अनेकांना ते भित्रेपणाचे सोंगच वाटले. पुढे व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणावविकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले.

आपल्याकडे १९८२ च्या नियमांनी या प्रश्नाचे उत्तर सैनिकाच्या बाजूने झुकते ठेवले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत असतानाच उद्भवला असे सामान्यतः मानावे. सैनिकावर पुराव्याचा भार टाकू नये. आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यावा. मात्र, भरतीच्या तपासणीत हा आजार कळणे शक्यच नव्हते, असे वैद्यकीय मंडळाने कारणे देऊन नोंदविले, तर हे गृहीतक लागू होत नसे. 'कारणे देऊन' हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) हाच अर्थ स्पष्ट केला. तो खटला अपस्माराचा होता. परंतु भरतीच्या वेळी नोंद नाही व मंडळाने कारणही दिलेले नाही, तर गृहीतक सैनिकाच्या बाजूने, हे सूत्र त्यातून पक्के झाले. मानसिक आजारांत मात्र वाट इतकी सरळ नाही. नरसिंग यादव खटल्यात (२०१९) स्किझोफ्रेनिया झालेल्या सैनिकाचे अपील फेटाळले गेले. असे आजार अधूनमधून डोके वर काढतात, मधल्या काळात माणूस ठीक दिसतो. म्हणून केवळ भरतीच्या वेळी नोंद नव्हती एवढ्यावरून आजार सेवेमुळेच झाला असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. उलट, स्किझोफ्रेनियाच्याच राजूमोन खटल्यात (मे २०२५) न्यायालयाने बजावले की, कारणे न देता मंडळाने दिलेल्या मताच्या आधारे निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही.

हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतील. मला तसे वाटत नाही. प्रत्येक मानसिक आजार सेवेमुळेच होतो, असे न्यायालय म्हणत नाही. ते एवढेच म्हणते की, 'नाही' म्हणणाऱ्याने 'का नाही' हे लिहावे. काकांच्या पत्रात निष्कर्ष होता, कारण नव्हते. 'प्रकृतीतच मूळ' हे आजाराला दिलेले नाव झाले. मग अकरा वर्षे हा माणूस पहारे देत होता, तेव्हा ही प्रकृती कोठे होती?

दाव्याची पुढील वाट अशी. नकारानंतर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे. तेथेही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. नियम मात्र २००८ साली व पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये बदलले आहेत. म्हणून कोणता नियम लागू, हे सेवामुक्तीच्या तारखेवरून पाहावे लागते.

काकांनी अपीलच केले नव्हते. मी कारण विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "वेड्याचं पेन्शन मागायला जाऊ? मुलीचं लग्न व्हायचं होतं रे." पेठेतल्या वाड्यात भिंतीला कान असतात, हे मी त्यांना काय सांगावे! मंडळाने कारण लिहिले नाही हे खरे. पण त्यांना तीस वर्षे गप्प बसविले ते आपण शेजाऱ्यांनी, हेही तितकेच खरे.

उशीर झाला म्हणून दावा संपतोच असे नाही. तरसेम सिंग खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, निवृत्तिवेतन दरमहा देय असल्यामुळे अन्यायही दरमहा चालू राहतो. मात्र थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते.

पहिले पाऊल म्हणजे वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची पूर्ण प्रत मिळविणे. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीतूनही करता येतो, हे कळल्यावर काकांनी माझ्या हातून लेखणी घेतली. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. आजाराचे नाव लिहावयाच्या जागी ते क्षणभर थांबले, आणि मग मोठ्या, ठळक अक्षरांत त्यांनी लिहिले : नैराश्य.

उत्तर अजून आलेले नाही. परंतु तो कागद त्यांनी घडी घालून लपविला नाही. वाड्याच्या ओट्यावर बसून सर्वांसमक्ष पाकिटात घातला.