पदकातले सोने आणि बिलातला शब्द

कर्जत-खालापुरात कबड्डीचे सामने ठरले की पदकांची मागणी निघते. फितीचे रीळ आमच्या दुकानातून जाते, म्हणून या जिनसेशी आमचाही संबंध. फितीला रेशमी म्हणतात. असते पॉलिस्टर सॅटिनची. पदकाचेही तसेच.

ऑलिम्पिकचे भरीव सोन्याचे पदक शेवटचे 1912 साली स्टॉकहोमला दिले गेले. 2024 च्या पॅरिस स्पर्धेतले सुवर्णपदक 529 ग्रॅमचे होते. त्यात सोने 6 ग्रॅम, आयफेल टॉवरचे जुने लोखंड 18 ग्रॅम, बाकी चांदी. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांच्या तिथल्या कांस्यपदकातही हे लोखंड आहे. पण आयोजकांनी ही घडण आधीच जाहीर केली होती, त्यामुळे फसवणूक नाही.

गावच्या सामन्यातले पदक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असते. तो चारशे अंशांच्या आत वितळतो, साच्यात नक्षी बारीक उठते. वर सोनेरी मुलामा. स्वस्त माल लोखंडी पत्र्याचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. जस्त आणि पितळ चिकटत नाहीत. तिथे कडेला कानस लावावी. जस्त पांढरे दिसते, पितळ पिवळे.

एका मंडळाने आमच्या शिफारशीवरून पदके घेतली होती. पावसाळा सरला आणि एका खेळाडूचे वडील काळवंडलेले पदक घेऊन आमच्याच दुकानी आले. बिलात नुसते 'सुवर्णपदक' होते. आम्ही विचारले नव्हते, ही चूक आमची. आता गिऱ्हाइकाला सांगतो, 'जस्त, सोनेरी मुलामा' असे लिहून घ्या. आमच्या फितीच्या बिलातही आम्ही 'पॉलिस्टर' लिहितो.