रक्त वाढत नाही? मूत्रपिंडही तपासा

"डॉक्टर, सहा महिने लोहाच्या गोळ्या घेतोय, बीट खाऊन कंटाळलो, पण रक्त काही भरत नाही." पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी परवा दवाखान्यात सांगत होते. हिमोग्लोबिन होते 7.8 आणि मधुमेह दहा वर्षांचा. मी क्रिएटिनिन तपासायला सांगितले. ते 4.6 निघाले. म्हणजे मूत्रपिंडे बरीच निकामी झाली होती. त्यांनी विचारले, "अहो, दुखणे किडनीचे, मग रक्त का कमी?"

प्रश्न रास्त आहे. वाचकहो, त्याचे उत्तर आज समजून घेऊ.

तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. त्यामुळे हाडांतील मगज, म्हणजे अस्थिमज्जा, दर सेकंदाला वीसएक लाख नव्या पेशी तयार करते. लोह हा त्यासाठी लागणारा कच्चा माल. पण नुसत्या मालावर कारखाना चालत नाही, हुकूमही लागतो. हा हुकूम मुख्यतः मूत्रपिंडातून येतो. रक्तातील प्राणवायू कमी झाला, की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे प्रथिन रक्तात सोडते. पेशींना असे निरोप देणाऱ्या प्रथिनांना सायटोकाईन म्हणतात.

निरोप घेण्यासाठी कोवळ्या पेशीच्या आवरणात 'ग्राही' असतात. एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीचे दोन सारखे भाग असतात. प्रत्येकाचे डोके पेशीबाहेर आणि शेपूट आत. बँकेचा लॉकर दोन किल्ल्या लागल्यावरच उघडतो, तसेच येथे आहे. एरिथ्रोपोएटिन एका बाजूने एक भाग व दुसऱ्या बाजूने दुसरा भाग धरते. दोन्ही भाग नेमके जुळून बसले, की शेपटांना चिकटलेली 'जॅक-2' ही एन्झाइमे एकमेकांना जागे करतात. ती 'स्टॅट-5' या प्रथिनाला कामाला लावतात. ते पेशीकेंद्रात जाऊन सांगते, "मरू नका, वाढा." हा निरोप आला नाही, तर कोवळ्या पेशी तयार होण्याआधीच मरतात.

पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या काही सायटोकाईनांच्या ग्राहीत दोन भाग वेगवेगळे असतात. एक निरोप ओळखतो, दुसरा तो आत पोचवतो. जोडी जमल्याशिवाय तेथेही काम होत नाही.

निरोप थांबला नाही तर काय होते? फिनलंडचे एरो मॅन्टिरांटा यांनी 1964 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णपदके मिळवली. त्यांच्या ग्राहीचे शेपूट जन्मतःच आखूड होते, हे 1993 मध्ये उघड झाले. निरोप थांबवणारा भागच त्यात नव्हता, म्हणून तांबड्या पेशी फार वाढत. जॅक-2 मधील एका बिघाडाने ते हुकमाविनाच जागे राहते आणि रक्त दाट होण्याचा आजार जडतो, हे 2005 मध्ये समजले.

आता आमच्या शेतकरीदादांकडे वळू. त्यांच्याकडे माल होता, हुकूम नव्हता. मूत्रपिंडतज्ज्ञांनी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने सुरू केली. हे औषध 1989 पासून वापरात आहे. त्याबरोबर लोहही दिले, कारण हुकूम असून माल नसेल तरी काम अडते. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन 10.4 झाले. दादा खूश! म्हणाले, "आणखी चार इंजेक्शने द्या, पंधरावर न्या."

मी साफ नाही म्हटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांत या औषधाने हिमोग्लोबिन 13 च्या वर नेण्याचा प्रयत्न केल्यास पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. रक्तदाबही चढतो. दहा ते साडेअकरा पुरेसे.

मूत्रपिंडे पूर्ववत होणार नाहीत, हेही मी त्यांना सांगितले. गुडघ्यांसाठी ते दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत असत, त्या आधी बंद केल्या. सहा महिन्यांपूर्वीच क्रिएटिनिन तपासले असते, तर उपचार लवकर सुरू झाले असते, ही रुखरुख मात्र राहिली.

म्हणून सांगतो, लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही महिना-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढले नाही, तर टॉनिक बदलत बसू नका. रक्त कोठून जाते आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तरी तपासाच. चेहरा फिकट दिसला, तरी मूळ दुखणे कमरेच्या वर, पाठीशी दडलेले असू शकते.