आधी आवाज बंद कर

इंदिरानगर, नाशिक

चि. बंटी यास,


एकांकिकेच्या तालमीचा व्हिडिओ पाहिला. नोकराची भूमिका मिळाली, वाक्यं चारच, म्हणून तू रुसलायस असं तुझ्या आईकडून कळलं. रुसवा बाजूला ठेव. माझी तक्रार वेगळीच आहे. प्रत्येक वाक्याआधी तू डोळे वटारतोस, तोंड वेंगाडतोस. प्रेक्षकाला ‘आता हसा’ अशी नोटीस दिल्यावर तो कशाला हसेल?

यावर माझा एकच उतारा: भगवानदादा पाहा. ‘अलबेला’ (1951) लाव आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघ. सी. रामचंद्रांच्या चाली बंद करायला सांगणं पापच आहे, पण एकदा कर. भगवानदादा या माणसाची सुरुवात मूकपटात झालेली. शब्दांचा आधार नसताना पडद्यावर कसं उभं राहायचं हे तो तिथे शिकला. ‘शोला जो भडके’मध्ये गीता बाली विजेसारखी नाचते. शेजारी हा गुटगुटीत गडी. कोपरं अंगालगत दुमडलेली, हात पुढे हलके झुलतायत, पावलं जेमतेम वीतभर सरकतायत. चेहऱ्यावर मात्र काहीच घडत नाही, फार तर एक भाबडं समाधान. सगळी गंमत खांद्यापासून खाली. पुढे अमिताभने हीच चाल उचलली आणि आपल्याकडे वरातीत अजूनही कुठला ना कुठला काका तीच नाचतो.

हे सोपं दिसतं कारण अंगात ताकद होती. भगवान आभाजी पालव हे गिरणी कामगाराचे पोर, कुस्तीचा नाद असलेले. जन्म 1913 चा, म्हणजे आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला त्याच वर्षीचा. 1938 पासून ते स्वतः दिग्दर्शन करू लागले. कमी पैशांतले मारधाडीचे चित्रपट काढायचे आणि ते कामगारवस्तीत तुफान चालायचे. राज कपूर त्यांना हॉलिवूडचा मारधाडीचा नट डग्लस फेअरबँक्स याच्या नावाने हाक मारायचा, आणि सामाजिक चित्रपट काढ असा आग्रहही त्याचाच. त्यातून ‘अलबेला’ झाला. तिकडे हॉलिवूडच्या मूकपटांतल्या बस्टर कीटनच्या ताकदीचंही असंच: लहानपणी बापाने रंगमंचावर इकडून तिकडे फेकून पडायला शिकवलं, म्हणून पुढे अख्खी भिंत अंगावर कोसळली तरी चेहरा जागचा हलला नाही.

तू मात्र गुडघ्यांवर आपटतोस. आधी व्यायाम, मग पडणं.

आणि एक गोष्ट नीट ऐक, कारण तुझ्या एकांकिकेत थप्पड आहे. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात याच भगवानदादांचा हात आपल्या येवल्याच्या ललिता पवारांना खरोखरीच जोरात बसला. डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, वर्षानुवर्षं उपचार चालले, नायिकेची कारकीर्द तिथेच संपली. बाईंनी त्यातूनही खाष्ट सासूचं अख्खं साम्राज्य उभं केलं हा त्यांचा पराक्रम, त्याचं श्रेय थपडेला देऊ नये. हात किती इंचांवर थांबवायचा हे समोरच्या मुलीबरोबर रोज ठरवून घे. ती नको म्हणाली तर दिग्दर्शकाशी भांड.

आता तुझ्या चार वाक्यांबद्दल. ‘अलबेला’नंतर भगवानदादांकडे जुहूला बंगला होता, मोटारींचा ताफा होता. पुढचे चित्रपट पडले, सगळं गेलं, माणूस दादरच्या चाळीत परतला. मग लोकांच्या चित्रपटांत मिनिटभर यायचं, तीच दोन पावलं टाकायची आणि जायचं. त्यांचा फार स्वस्तात वापर झाला असं मला वाटतं, ते बघताना रागही येतो. पण त्या एका मिनिटात त्यांनी कधी अंग चोरलेलं मला दिसलं नाही. 2002 मध्ये गेले, तोवर मूकपटापासूनची सत्तर वर्षं जमा होती. त्यांच्या आयुष्यावरचा मंगेश देसाईचा ‘एक अलबेला’ (2016) नंतर बघ, आधी मूळ.

नोकर पाण्याचा ग्लास घेऊन येतो, तो प्रवेश मला आवडला. तिथे तू चुकून काहीच करत नाहीस, फक्त ग्लास धरून मालकाचं भांडण संपायची वाट बघतोस. तो क्षण आणखी दोन श्वास लांबव. बाकीचे चाळे काढून टाक.

साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग कधी आहे ते कळव, मी येईन. आणि गुडघ्याला पट्टे घे, पैसे मी देते. आईला सांगू नकोस, ती लगेच हिशेब मांडेल.

तुझी,
आत्या